आठवीला कोणता विषय मिळाला?

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा सहलीवर, गॅदरिंगवर आणि छडीवर लिहिणारे पुष्कळ मिळतील हे ठाऊक होते. म्हणून मी जरा रुक्ष वाटेल असा विषय घेतला आहे, आणि तो म्हणजे 'विषय' हाच. आपल्यापैकी कोणाला पूर्ण संस्कृत होते, कोणाला पूर्ण हिंदी, कोण संयुक्तमध्ये गेले, कोणी टेक्निकल घेतले, मुलींच्या वाट्याला शिवण आणि मुलांच्या वाट्याला बागकाम का आले, हे सगळे कोणी ठरवले? आपण बोलताना 'मला संस्कृत होतं', 'त्याला टेक्निकल मिळालं' असेच म्हणतो. 'मी संस्कृत निवडलं' असे म्हणणारा आपल्या १९८४च्या बॅचचा एकही जण मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही.

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचा माग काढत मागे गेलो तर वाट आपल्या चवदार तळ्यापाशी येते. ती कशी, ते सांगण्यासाठी थोडे लांबून सुरुवात करावी लागेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही शाळेची शेवटची परीक्षा असे आपण समजतो, पण मुळात ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. साहजिकच शाळेत काय शिकवायचे हे विद्यापीठ ठरवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल हे सर्वांना, आणि जोडीला एक दुसरी भाषा. या दुसऱ्या भाषेपाशी सगळी गंमत होती. विद्यापीठाने लवकरच आपल्या वरच्या परीक्षांतून मराठी, गुजरातीसारख्या देशी भाषा वगळल्या आणि तिथे अभिजात भाषा बसवल्या. मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे शेवटपर्यंत झगडत होते. ते वारले १९०१ साली, आणि एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला तोही त्याच सुमारास. म्हणजे त्या काळी कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या हायस्कुलातल्या मुलापुढे 'दुसरी भाषा' म्हणून मुख्यतः दोन दारे असत: संस्कृत किंवा फारसी.

त्यातही संस्कृतला मान अधिक. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. हे नाव आपल्याही कानावरून गेलेले आहे. निकालाच्या दिवसांत पेपरात 'शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचा मानकरी' असा चौकटीतला फोटो येत असे.

आता दोन मुलांकडे पाहू. दोघांचाही आपल्या महाडशी संबंध आहे, एकाचा जन्माने आणि दुसऱ्याचा कर्तृत्वाने.

पहिला मुलगा नात्याचा. रायगडाकडे जाताना नाते लागते, ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे. तिथे १४ जानेवारी १८९६ रोजी एका वकिलाच्या घरात चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. १९१२ साली ते मॅट्रिकला सबंध मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची पहिली शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढले, आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. इतके सगळे सांभाळून त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद केला. शाळेत मिळालेला विषय माणसाला जन्मभर कसा पुरतो याचे इतके चांगले उदाहरण आपल्या तालुक्यात दुसरे नसेल.

दुसरा मुलगा त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. साताऱ्याहून मुंबईला आलेला, परळच्या चाळीत राहणारा आणि एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत शिकणारा भीमराव आंबेडकर. दुसरी भाषा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यालाही संस्कृत हवे होते. वडील रामजी सुभेदार यांचीही तीच इच्छा. त्याच्या आधी थोरल्या भावानेही संस्कृत मागून पाहिले होते. दोघांनाही एकच उत्तर मिळाले: अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही. मग राहिली फारसी. ती घेऊन भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आज पंचाण्णव टक्क्यांच्या फलकांना सरावलेल्या डोळ्यांना हा आकडा लहान वाटेल, पण त्याच्या समाजात ही केवढी घटना होती ते पुढे कळेल.

इथे जरा थांबून नीट पाहायला हवे. त्या मुलाला संस्कृत घेण्याची मनाई कोणत्या कायद्यात होती? कोणत्याच नाही. शाळा सरकारी होती. विद्यापीठाच्या यादीत विषय होता. परीक्षेच्या अर्जात तो लिहायला कोणी हरकत घेतली नसती. अडला तो फक्त वर्गात, फळ्यासमोर, एका शिक्षकाच्या नकारापाशी. कागदावरचा विषय आणि वर्गातला विषय या दोन वेगळ्या गोष्टी असतात. माझ्या या लेखाचा सारा रोख एवढ्याच फरकावर आहे. पुढे जे जे बदल झाले ते मी याच फरकाच्या नजरेने पाहतो.

त्या नकाराची किंमत लगेच दिसत नाही. बाबासाहेबांना पुढे संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या मेहनतीने करावा लागला. १९४६ साली त्यांचे 'हू वेअर द शूद्राज' हे पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांना एका संभाव्य आक्षेपाला आधीच उत्तर द्यावे लागले आहे: संस्कृतवर प्रभुत्व नसलेल्या माणसाने अशा विषयाला हात का घालावा? ती उणीव आपण मान्य करतो, पण तेवढ्याने हा विषय आपल्याला वर्ज्य ठरत नाही, पंधरा वर्षे आपण या वाङ्मयाचा अभ्यास केला आहे, असे त्यांचे म्हणणे. मुलाला वर्गात विषय शिकवायचा नाही, आणि चाळीस वर्षांनी त्याला तो विषय येत नाही हाच त्याच्यावर आक्षेप! एवढे होऊनही त्यांनी संस्कृतचा राग धरला नाही. १९४९ साली राजभाषेचा वाद चालू असताना संस्कृतच्या बाजूने सूचना मांडणाऱ्यांत कायदेमंत्री आंबेडकर होते. आणि नात्याचे चिंतामणराव १९५० साली अर्थमंत्री झाले तेव्हा ही दोन माणसे, शंकरशेट शिष्यवृत्तीवाला आणि फारसीवाला, एकाच मंत्रिमंडळात बसत होती.

१९०७च्या त्या मॅट्रिकची गोष्ट अजून संपलेली नाही. महार समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून मुंबईत त्याच्या सत्काराची सभा भरली. लेखक आणि शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. हेच बोले पुढे मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनीच तो प्रसिद्ध ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. आपण तो पाण्यापुरता लक्षात ठेवतो. पण त्याच ठरावात सरकारी कचेऱ्या, कोर्टे आणि दवाखाने यांच्याबरोबर शाळांचाही उल्लेख होता. तळे आणि शाळा एकाच वाक्यात आले होते.

त्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. अर्थात कागदावर. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ला परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर आले, ते कागदावरचा हक्क हातात घ्यायला. पुढचे आपल्याला पाठ आहे: दंगल, तळ्याचे शुद्धीकरण, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये फिरवलेला स्वतःचाच ठराव, डिसेंबरची दुसरी परिषद, फत्तेखानांनी मंडपासाठी दिलेली जागा, २५ डिसेंबरचे मनुस्मृतीचे दहन, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात लागलेला निकाल. शाळेत दर २० मार्चला भाषणे ऐकून ऐकून या तारखा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. पण ठराव १९२४चा आणि ओंजळ १९२७ची, या मधल्या तीन वर्षांबद्दल त्या भाषणांत फारसे कोणी बोलत नसे. मला इतिहासात तीच तीन वर्षे सर्वांत महत्त्वाची वाटतात.

त्या परिषदेसाठी धडपडणाऱ्यांत सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्याबरोबर दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. मोऱ्यांची शाळेची कथा बाबासाहेबांपेक्षाही आपल्या जवळची, कारण ती महाडातच घडली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन पास झाला. इंग्रजी शिकायला महाडला आला, तर शाळेने प्रवेश नाकारला. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, ते छापून आले, गवगवा झाला, आणि प्रवेश मिळाला. मात्र बसायचे इतर मुलांपासून वेगळे. अशा मुलाने विषय काय निवडायचा? त्याचा सगळा जोर वर्गाच्या आवाजाच्या टप्प्यात राहण्यातच जात असणार.

मुलींचा मामला निराळा, पण त्याच घराण्यातला. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली मुलींना पदवीची वाट मोकळी केली, १८८४ साली पुण्यात हुजूरपागा निघाली, आणि लगोलग मुलींना मुलांचेच विषय कशाला हवेत, असा वाद वर्तमानपत्रांतून पेटला. इंग्रजी आणि गणितापेक्षा घरकामाला उपयोगी पडेल ते शिकवा, असे सांगणारे थोर लोक कमी नव्हते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांनीही गृहजीवनाला उपयोगी विषय ठेवले, पण शिक्षण मराठीतून देऊन दार पुष्कळ रुंद केले. या वादाचे पाणी पुढे किती खोल मुरले ते आपल्या आयांना विचारा. जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.ला गणित सोडून देता येत असे, आणि मुली त्याऐवजी शरीरविज्ञान व आरोग्यशास्त्रासारखा विषय घेत. 'बायकांना गणित कशाला' हे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. तशी सोय होती एवढेच. सोयीचा रस्ता तयार असला की त्यावरून कोणाला पाठवायचे हे घरातले मोठे ठरवतात.

इंग्रजीची गोष्ट तर आपल्या वडीलधाऱ्यांच्या आयुष्याला चिकटलेली आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढले गेले आणि ते आठवीपासून सुरू झाले. शालान्त परीक्षेसाठी १९४८च्या कायद्याने पुण्याला स्वतंत्र बोर्ड निघाले, पहिली एस.एस.सी. १९४९ साली झाली, आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेवरची विद्यापीठाची मक्तेदारी संपली. नव्या बोर्डाची विषयांची यादी ऐसपैस होती. इंग्रजीवाचूनही एस.एस.सी. होता येई. 'एस.एस.सी. विदाऊट इंग्लिश' हा शब्दप्रयोग आपण लहानपणी ओट्यावरच्या गप्पांत ऐकलेला आहे. यामागचा हेतू वाईट नव्हता. मातृभाषेतून शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलाला एका परक्या भाषेपायी नापासाचा शिक्का बसू नये, ही भावना मी समजू शकतो. पण मुंबई-पुण्यात घरची ऐपत असलेल्यांनी इंग्रजी सोडले नाही. सोडले ते कुलाबा-रत्नागिरीतल्या मुलांनी. मग एस.एस.सी. होऊनही कॉलेजची वाट बहुतेकांना बंद झाली. आमच्या वाडीतले एक काका या वाटेने पास झाले, तलाठ्याच्या हाताखाली लागले आणि निवृत्त होईपर्यंत इंग्रजीतला सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घेत राहिले. हुशार माणूस. हिशेब तोंडी करायचे.

याच काळात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट, आणि मुलाने आपल्या कलाप्रमाणे त्यातला एक घ्यायचा. ऐकायला फार सुंदर. पण सात गट चालवायला सात प्रकारचे शिक्षक, प्रयोगशाळा, कर्मशाळा आणि शेत लागते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेत यातले किती असणार? तिथल्या मुलाला सातातला तोच गट 'आवडायचा' जो शाळेत असे.

या सगळ्यावर १९७५ साली एकदम झाडू फिरला. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही परीक्षा झाल्या. कोठारी आयोगाने (१९६४-६६) म्हटले होते की पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सर्वसाधारण शिक्षण द्या, गणित आणि विज्ञान कोणालाही सोडू देऊ नका. महाराष्ट्राने ते उचलले. बीजगणित, भूमिती, विज्ञान आणि इंग्रजी आता सगळ्यांना, मुलींनाही, वाडीवरच्यांनाही. त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे नापासांचे ढीग लागले आणि लोकांनी नव्या पद्धतीला शिव्या घातल्या, हे मला घरच्या बोलण्यातून आठवते. तरीही माझे मत विचाराल तर आपल्या भागातल्या मुलींसाठी १९७५इतका मोठा बदल दुसरा नाही. निवड काढून घेतल्याने दार उघडले, असे क्वचित घडते. इथे ते घडले. आपल्या वर्गातल्या ज्या मुली पुढे नर्स, लॅब टेक्निशियन, बँकेत अधिकारी झाल्या, त्यांना १९६५ साली कोणी गणित घेऊ दिले असते का, हे त्यांनीच सांगावे.

आता आपली आठवी. कुलाब्याचा रायगड झाला त्याच वर्षी, १९८१च्या जूनमध्ये, आपण आठवीत गेलो. सक्तीचे विषय सर्वांना सारखे होते. निवडीला उरली होती ती एक फट: पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत, किंवा दोन्ही अर्धे अर्धे म्हणजे संयुक्त. शिवाय टेक्निकल आणि कार्यानुभव. एवढीशी फट, पण तिच्यातून काय काय आत गेले आणि काय बाहेर राहिले!

सातवीच्या गुणांची यादी लागली. वरचे पन्नास-पंचावन्न 'अ' तुकडीत, आणि 'अ' तुकडीला संस्कृत. बाकीच्यांना हिंदी. विचारणा अशी झालीच नाही. संस्कृत 'स्कोअरिंग' असते, त्यात पैकीच्या पैकी मिळतात, निबंधात गुण कापले जात नाहीत, ही माहिती गावातल्या शिकलेल्या घरांना होती आणि त्या घरांतले वडील जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत येऊन बोलून गेले. बिरवाडीकडून, पोलादपूरकडून, वरंध घाटाखालच्या वाड्यांतून एस.टी.ने येणाऱ्यांच्या घरी असे काही ठरवायचे असते हेच माहीत नव्हते. त्यात संस्कृतचा जादा तास संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. सव्वापाचची गाडी चुकली की पावसाळ्यात घरी जायचे कसे? 'अ' तुकडीतल्या दोन-तीन मुलांनी त्या गाडीपायी संस्कृत सोडून हिंदी घेतले. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात कोणाला वगळायचे नव्हते, पण वगळले मात्र गेले.

एका मित्राचे सांगतो, नाव त्याच्या विनंतीवरून घालत नाही. मराठीत तो वर्गात पहिला. आजोबा कीर्तनाला जाणारे, त्यामुळे श्लोक ऐकून ऐकून पाठ. गणितात मात्र जेमतेम, म्हणून एकूण गुणांत मागे पडला आणि 'ब' तुकडीत गेला. संस्कृत मिळेल का म्हणून विचारायला गेला, तर एका सरांनी "तुला झेपणार नाही, हिंदी घे आणि गणितात लक्ष घाल" असे सांगून परत पाठवले. ते सर आज हयात नाहीत. त्यांच्या मनात जात होती असे मला वाटत नाही, मित्रालाही वाटत नाही. भाषेसाठी मुले निवडताना चाळणी गणिताच्या गुणांची लावली जात होती, हे मात्र त्यांच्या लक्षात आले नाही. मित्राने पुढे पन्नाशीत टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या संस्कृत परीक्षा बाहेरून दिल्या. दर वर्षी निकाल लागला की मला फोन करायचा.

गुरुजनांची बाजूही इथे मांडायला हवी, कारण या स्मरणिकेचे वाचक तेही आहेत. मध्यंतरी आपल्या एका निवृत्त बाईंशी या विषयावर दोन तास बोललो. त्यांनी माझा सूर ऐकून घेतला आणि मग साधा हिशेब मांडला. शाळेत संस्कृतचे एक शिक्षक. त्यांचे आठवड्याचे तास ठरलेले. आठवी, नववी, दहावीची एकेक तुकडी घेतली की तास संपले. दुसरी तुकडी काढायची तर दुसरे पद हवे, आणि पद मंजूर होते ते विद्यार्थिसंख्येवरून, संच मान्यतेत. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत. "अरे, आम्ही मुलांना विषय देत नव्हतो, आमच्याकडे होते ते वाटत होतो," असे बाई म्हणाल्या. बोर्डाच्या यादीत अर्धमागधी होती, पाली होती, फारसी आणि अरबी होती. चवदार तळ्याच्या गावात किती मुलांनी पाली घेऊन दहावी दिली असेल? यादीत असणे आणि वर्गात असणे, पुन्हा तेच.

टेक्निकलचे तर उलटे झाले. तिकडे जाणाऱ्याला तेव्हा 'अभ्यासात बेताचा' समजत. निळा कोट घालून वर्कशॉपला जाणाऱ्या मुलांची आपण थट्टा केली. पुढे महाडच्या एमआयडीसीत कारखान्यांची रांग उभी राहिली तेव्हा फिटिंग आणि वायरिंग येणारी हीच मुले आधी कामाला लागली, आणि संस्कृतात नव्वद मिळवलेले आमच्यासारखे मुंबईच्या गाडीत बसले. कार्यानुभवाबद्दल एकच सांगतो: बागकाम मुलांना आणि शिवण मुलींना हे कोणी ठरवले, असे मी त्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कोणीच नाही. आधीपासून तसेच होते.

दहावीनंतर विषयांचा दुसरा फाटा फुटे. कला, वाणिज्य, विज्ञान. आपल्या पिढीचे भाग्य असे की पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, म्हणजे बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या संस्थेने, १९६१ साली महाडला महाविद्यालय काढले होते. ते नसते तर सायन्ससाठी घर सोडून पनवेल-मुंबई गाठावी लागली असती, आणि मुलींपैकी कितीजणींना तसे पाठवले असते? ज्या गावात तळ्याचे पाणी नाकारले गेले त्या गावात कॉलेज काढायचे, या निर्णयाचे महत्त्व आपल्याला तिथे शिकताना कळले नव्हते. आपण कँटीनच्या भज्यांत गुंग होतो.

आपल्यानंतरही हा खेळ चालूच आहे. मध्यंतरी काही वर्षे दहावीला 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय होता. तो घेतला की अकरावी सायन्स बंद. पुढे तो पर्यायही बंद झाला. २०१० साली सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायची पद्धत आली, तिच्यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती टिकली. २०१२ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाला वेगळे कोकण मंडळ मिळाले, आपला रायगड मात्र मुंबई विभागातच राहिला. म्हणजे पोलादपूरच्या पोराची तुलना दादर-पार्ल्याच्या पोराशी. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात विषयांच्या भिंती पाडायची भाषा आहे. २०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यात जे रान पेटले आणि शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले, ते तुम्ही पाहिलेच. त्याच वर्षी अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. विन्हेरे भागातल्या एका पालकाने मला फोन करून विचारले की फॉर्ममध्ये पसंतीक्रम दहा भरता येतात, पण एस.टी. एकाच कॉलेजपर्यंत जाते, तर बाकीचे नऊ काय भरू? मी त्यांना काही सांगू शकलो नाही. आपल्यापैकी जे शिक्षक आणि मुख्याध्यापक आहेत त्यांनी सांगावे.

एक काम मात्र आपण सगळे मिळून करू शकतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जात, दाखल्याची तारीख सगळे मिळते. कोणाला कोणता विषय का मिळाला हे कुठेच लिहिलेले नाही. २००५ आणि २०२१ च्या पुरांत महाडमधल्या कितीतरी घरांतली कागदपत्रे गाळात गेली. ज्यांच्याकडे दहावीची गुणपत्रिका शिल्लक असेल त्यांनी मेळाव्याच्या दिवशी तिची झेरॉक्स आणावी. आपल्या आईवडिलांची जुन्या एस.एस.सी.ची किंवा मॅट्रिकची असेल तर तीही. मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहून द्या: दुसरी भाषा कोणती होती, ती घ्यायला कोणी सांगितले, आणि दुसरे काही मागितले होते का. नोंदणीच्या टेबलाशेजारी एक खोका ठेवलेला असेल. नाव घालायचे नसेल तर घालू नका, साल मात्र घाला.